मोठ्या आतड्यात उघडणारी गोळी: कोटिंग प्रकल्पाच्या नोंदी, दर्यापूर तालुका

५ फेब्रुवारी

मेसालामाइन या सूज उतरवणाऱ्या औषधाची गोळी जठरात आणि लहान आतड्यात बंद राहावी, मोठ्या आतड्यात उघडावी, एवढंच काम. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये (मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज आणि जखमा) हे औषध रक्तात जाऊन फारसं कामाचं नाही. सुजलेल्या अस्तराला ते आतून लागावं लागतं. साधी गोळी दिली तर लहान आतड्याचा वरचा भागच बहुतेक औषध शोषून घेतो, त्याचं अ‍ॅसिटिल रूप होतं, लघवीवाटे निघून जातं आणि दुखणं जिथल्या तिथं राहतं.

कोटिंगची फिल्म धरणारा पॉलिमर ठरला: युड्रॅजिट एस १००. हा मेथॅक्रिलिक अ‍ॅसिड आणि मिथाइल मेथॅक्रिलेट यांचा १:२ कोपॉलिमर. पीएच ७ च्या खाली विरघळत नाही. याचाच भाऊ एल १०० पीएच ६ ला सुटतो, म्हणून तो या कामाला लवकरचा. प्लास्टिसायझर (फिल्म लवचीक ठेवणारा पदार्थ) म्हणून डायब्युटाइल थॅलेट जुन्या सूत्रांत भरपूर सापडतं, पण अमेरिकेच्या एफडीएनं २०१२ मध्ये ते औषधांत टाळायला सांगितलं. आपल्याकडे ट्रायइथिल सायट्रेटच.

सुरुवातीलाच एक अडचण लिहून ठेवायची. निरोगी माणसांवर रेडिओ कॅप्सूल (गिळल्यावर आतून पीएच कळवणारी) वापरून घेतलेली १९८८ ची पीएचची मापं अशी: लहान आतड्याच्या वरच्या भागात सरासरी ६.६, शेवटच्या भागात ७.५ आणि मोठं आतडं सुरू होताच ६.४. म्हणजे एस १०० ला सुटायला जागा मिळते ती लहान आतड्याच्या शेवटीच. एखाद्या रुग्णात तिथं पीएच ७ गाठलाच नाही किंवा गोळी तिथून भरकन निघून गेली, तर पुढे कोटिंग सुटायचं कारणच उरत नाही आणि गोळी अख्खी बाहेर पडते. म्हणून दुसरी किल्ली हवी. मोठ्या आतड्यातले जीवाणू पेक्टिन (फळांतला जेली धरणारा पदार्थ) खातात, वरचं आतडं ते पचवू शकत नाही. जिल्ह्यात वरूड-मोर्शीची संत्री आहेतच, तेव्हा पेक्टिन सालीतून काढायचं.

१२ फेब्रुवारी

कोअर गोळीचं (कोटिंगआधीच्या गोळीचं) सूत्र, दर गोळीला मिलिग्रॅममध्ये: मेसालामाइन २५०, मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोज (‘पीएच १०२’ प्रतीचं) ६६, पीव्हीपी (के ३०) १४, क्रॉसकारमेलोज सोडियम १४, एरोसिल २.५, मॅग्नेशियम स्टिअरेट ३.५. एकूण ३५०. १० मिमीचा स्टँडर्ड कॉन्केव्ह पंच, म्हणजे गोळी दोन्ही बाजूंनी घुमटाकार. सपाट पंच नको. सपाट गोळ्या पॅनमध्ये (कोटिंगच्या फिरत्या भांड्यात) एकमेकींना चिकटतात आणि त्यांच्या धारदार कडेवर फिल्म पातळ बसते.

कडकपणा ७ ते ८ किलो, फ्रायबिलिटी (आपटून होणारी झीज) ०.५ टक्क्याच्या आत. फार्माकोपियाची (औषधांच्या मानक ग्रंथाची) १ टक्क्याची मर्यादा इथं पुरत नाही, कारण पॅनमध्ये गोळी तासाहून जास्त वेळ आपटत राहते. कड झिजली की तिथली भुकटी फिल्मखाली अडकते आणि नेमकी तिथूनच पुढे गळती सुरू होते.

क्रॉसकारमेलोज ४ टक्के ठेवताना विचार करावा लागला. कोटिंग सुटल्यावर गोळी पटकन फुटावी म्हणून ते हवं. पण अ‍ॅसिडात सुईच्या टोकाएवढं छिद्र राहिलं तरी पाणी आत जाऊन ते फुगतं आणि आतून फिल्म फाडतं. म्हणून आधी एचपीएमसी ई ५ चं २ टक्के सीलकोट. कड गुळगुळीत होते, मुख्य फिल्मला सारखी जमीन मिळते.

२० फेब्रुवारी

कोटिंग किती चढवायचं ते वजनवाढीच्या टक्क्यात लिहायचं नाही, मिग्रॅ प्रति चौ. सेंमी मध्ये लिहायचं. हिशेब:

गोळीचा व्यास १० मिमी, कपाची खोली १.२ मिमी, मधला पट्टा साधारण २.३४ मिमी. दोन्ही घुमटांचं क्षेत्रफळ १६६ चौ. मिमी, पट्ट्याचं ७३.५. मिळून २.४ चौ. सेंमी. पॉलिमर ५ मिग्रॅ प्रति चौ. सेंमी धरला तर गोळीला १२ मिग्रॅ. त्यावर १० टक्के ट्रायइथिल सायट्रेट आणि ५० टक्के टाल्क, म्हणजे एकूण घन पदार्थ १९.२ मिग्रॅ. वजनवाढ ५.५ टक्के.

हीच फिल्म १०० मिग्रॅच्या ६ मिमी गोळीवर चढवायची झाली तर क्षेत्रफळ जवळपास १ चौ. सेंमी, पॉलिमर ५ मिग्रॅ, घन पदार्थ ८ मिग्रॅ, वजनवाढ ८ टक्के. जाडी तीच, टक्का दीडपट. प्रबंधांत "५ टक्के कोटिंग अपुरं, ८ टक्के योग्य" असं वाचायला मिळतं आणि गोळीचं माप दिलेलं नसतं. तो आकडा कुणाच्याच कामाचा नाही.

३ मार्च

मृग बहाराचा माल सुरू आहे, साली रसवाल्यांकडून आल्या. आल्या आल्या उकळत्या पाण्यात ५ मिनिटं. ते टाळलं तर सालीतलंच पेक्टिनएस्टरेज हे एन्झाइम साली वाळेपर्यंत पेक्टिनचं रूप बदलत राहतं आणि दर खेपेला वेगळा माल हाती येतो. नंतर ५० °से. वर वाळवून भरड दळलं.

१०० ग्रॅम भरडीला २.५ लिटर डिस्टिल्ड पाणी, हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडनं पीएच १.८, ८५ °से. वर ७५ मिनिटं, सारखं ढवळत. मलमलीतून गरम असतानाच गाळलं. थंड झाल्यावर आयसोप्रोपाइल अल्कोहोल दुप्पट ओतलं, चार तासांनी जेलीसारखे धागे वर आले. इथेनॉलला उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागतो, आयसोप्रोपाइलनं काम तेवढंच होतं. ७० टक्के आयसोप्रोपाइलनं तीनदा धुतलं, ४५ °से. वर वाळवलं. रंग फिकट बदामी, उतारा ११ ग्रॅम.

पाण्याबद्दल सूचना. आपण पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात आहोत, बोअरचं पाणी या कामात कुठंही चालणार नाही. पाण्यातलं कॅल्शियम पुढच्या टप्प्यात पेक्टिनला अवेळी घट्ट करतं. डिस्टिलेशनच्या कॉइलवर क्षारांचा थर चढतो, दर आठवड्याला सायट्रिक अ‍ॅसिडनं उतरवायचा.

१० मार्च

पेक्टिनच्या साखळीवरच्या मिथाइल एस्टर गटांचं प्रमाण टायट्रेशननं: ०.५ ग्रॅम पेक्टिन, पहिलं टायट्रेशन ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडचं ६.२ मिली, साबणीकरणानंतरचं १३.८ मिली. १३.८ भागिले दोन्हींची बेरीज २०, म्हणजे ६९ टक्के. हे हाय मेथॉक्सिल पेक्टिन. पाण्यात सरळ विरघळतं आणि कॅल्शियमला नीट धरत नाही. फिल्ममध्ये असंच घातलं तर जठरातच फुगेल.

म्हणून एस्टर उतरवले. पेक्टिनचं २ टक्के द्रावण बर्फाच्या टबात ५ °से. वर, सोडियम हायड्रॉक्साइडनं पीएच १०.५ वर धरून ठेवलं, मग अ‍ॅसिडनं ५ वर आणलं. बर्फ टाळायचा नाही. अल्कलीत उष्णता मिळाली की एस्टर उतरण्याऐवजी पेक्टिनची साखळीच तुटते, द्रावण पाण्यासारखं पातळ होतं आणि तो माल फेकावा लागतो. नंतरचं टायट्रेशन १३.५ आणि ६.४, म्हणजे ३२ टक्के. हे चालेल. ५ टक्के कॅल्शियम क्लोराइडमध्ये धार धरून ओतलं, घट्ट दोऱ्या झाल्या. क्लोराइड जाईपर्यंत धुवून (सिल्व्हर नायट्रेटनं तपासून) वाळवल्या.

१८ मार्च

पेक्टिनच्या वाळलेल्या दोऱ्यांचं दळण. आधी फिल्मची जाडी काढली: ५ मिग्रॅ प्रति चौ. सेंमी, घनता १.२ धरून, सुमारे ४२ मायक्रॉन. टाल्क धरून ६० च्या आसपास. १०० मेशच्या चाळणीतून गेलेला कण १५० मायक्रॉनपर्यंत असू शकतो, म्हणजे फिल्मच्या दुपटीहून मोठा. असा कण फिल्मच्या वरच्या पृष्ठभागापासून थेट गोळीपर्यंत पोचतो आणि पेक्टिन भिजलं की तीच वाट पाण्याला मिळते. म्हणून ३२५ मेश, ४५ मायक्रॉनच्या आत. बॉल मिल थांबवत थांबवत चालवायची, भांडं तापलं की पेक्टिन काळवंडतं. चाळणीवर उरलेलं परत मिलमध्ये. "थोडंसंच जाड आहे, जाऊ द्या" असं इथं करायचं नाही.

२७ मार्च

नुसत्या एस १०० चा पहिला घाणा. पॅन १२ इंची, गोळ्या ६०० ग्रॅम, म्हणजे सुमारे १७१५ नग. लागणारा पॉलिमर २०.६ ग्रॅम, उडून जाणारा धरून २५ ग्रॅम. ४०० ग्रॅम द्रावण असं: एस १०० २५ ग्रॅम, ट्रायइथिल सायट्रेट २.५, टाल्क १२.५, पाणी १२, आयसोप्रोपाइल २०९, अ‍ॅसिटोन १३९.

सॉल्व्हंट आणि पाणी एकत्र करून त्यातलं निम्मं मोठ्या बीकरमध्ये, स्टररचा भोवरा पाडून पावडर हळूहळू भोवऱ्यात सोडायची. एकदम ओतली तर गोळे होतात, बाहेरून चिकट आणि आतून कोरडे, मग दोन तास ढवळूनही फुटत नाहीत. पाऊण तासात द्रावण स्वच्छ झालं. उरलेल्या निम्म्यात टाल्क आणि सायट्रेट दहा मिनिटं होमोजिनाइझ करून त्यात मिसळलं, अर्ध्या मिमीच्या जाळीतून गाळलं. फवारणी संपेपर्यंत ढवळणं बंद करायचं नाही, टाल्क तळाला बसला की नोझल तुंबतं.

सेटिंग: नोझल १ मिमी, हवेचा दाब १.२ बार, गन ते गोळ्या १४ सेंमी, पॅन १६ आरपीएम, फवारणी मिनिटाला ५ ग्रॅम, गोळ्यांचं तापमान ३० °से. सकाळी हवा २९ °से. होती. ८० मिनिटांत संपलं. गोळ्या गुळगुळीत, किंचित चमक. ट्रेमध्ये ४० °से. वर २४ तास. उरलेल्या अ‍ॅसिटोन-आयसोप्रोपाइलची मर्यादा दोन्हींना ५००० पीपीएम.

२ एप्रिल

डिझोल्यूशन (गोळीतून औषध किती सुटतं ती चाचणी), यूएसपीच्या (अमेरिकी फार्माकोपियाच्या) पद्धतीनं: ०.१ नॉर्मल अ‍ॅसिड ५०० मिली, १०० आरपीएम, २ तास. मग पीएच ६.० चा फॉस्फेट बफर ९०० मिली, १ तास. मग पीएच ७.२, ५० आरपीएम. अ‍ॅसिडात आणि ६.० ला १ टक्क्याच्या आत राहिलं. ७.२ मध्ये अर्ध्या तासात फिल्म सुटायला लागली, ९० मिनिटांत ८० टक्क्यांच्या वर. निकषात बसलं.

नमुने काळ्या बाटलीत, वाचन त्याच दिवशी. मेसालामाइनचं द्रावण उजेडात गुलाबी, मग तपकिरी होतं आणि प्रकाशशोषणाचा आकडा खोटा येतो. पीएच मीटर ३७ °से. वरच्या बफरनं कॅलिब्रेट करायचा. ६.९ आणि ७.२ मध्ये या पॉलिमरसाठी बंद आणि उघडं एवढा फरक आहे.

याच गोळ्या बायकार्बोनेटच्या हँक्स बफरमध्ये पीएच ७.४ ला, कार्बन डायऑक्साइड आत सोडत पीएच धरून, टाकल्या. सुटायला फॉस्फेटच्या कितीतरी पट वेळ लागला, आणि पीएच तर जास्त होता. कारण बफरची ताकद. पॉलिमर सुटताना त्याच्या कार्बोक्सिल गटांमुळे फिल्मच्या तोंडाशी पीएच खाली येतो. फॉस्फेट तो चटकन वर आणतो, पातळ बायकार्बोनेटला ते जमत नाही. आतड्यातलं पाणी बायकार्बोनेटचंच असतं. फॉस्फेटमधला देखणा आलेख पाहून समाधान मानायचं नाही, प्रत्येक घाण्याची ही दुसरी चाचणी करायचीच.

२४ एप्रिल

आज दुपारचा घाणा खराब. खोलीत ४२ °से., आर्द्रता १५ टक्के. हीटर बंद असूनही गोळ्या ३९ वर. गोळ्यांचा पृष्ठभाग सॅंडपेपरसारखा, पॅनच्या तोंडाशी आणि एक्झॉस्टच्या जाळीवर पांढरी भुकटी. द्रावण तेवढंच वापरलं तरी वजनवाढ ३.९ टक्के.

थेंब गोळीवर पडून पसरायला हवा, शेजारच्या थेंबात मिसळायला हवा. अशा हवेत अ‍ॅसिटोन वाटेतच उडून जातं, थेंब सुकून येतो आणि नुसता चिकटतो किंवा एक्झॉस्टमध्ये जातो. फिल्म दिसते, पण ती दाण्यांची रचलेली असते, मध्ये फटी. खात्रीसाठी काही गोळ्या मिथिलीन ब्लू घातलेल्या ०.१ नॉर्मल अ‍ॅसिडात ठेवल्या. अर्ध्या तासात भिंगातून निळे ठिपके दिसले, घुमटावर विखुरलेले आणि कडेला सलग रेघ. दीड तासात तीन गोळ्या कडेनं उकलल्या. मार्चच्या गोळ्या त्याच निळ्या पाण्यात दोन तास पांढऱ्या राहिल्या. वजनवाढ पुरी करायला वरून आणखी फवारलं तरी उपयोग नाही, खालचा थर सच्छिद्रच राहतो. घाणा बाद.

८ मे

उन्हाळ्यासाठी बदल, चालू ठेवायचे:

अ‍ॅसिटोन कमी, आयसोप्रोपाइल जास्त: ६०:४० ऐवजी ८०:२०. पाणी १२ वरून २० ग्रॅम, तेवढं आयसोप्रोपाइल कमी. गन १४ वरून १० सेंमीवर. हवेचा दाब १ बार, बारीक धुकं नको, थेंब जरा मोठा हवा. फवारणी मिनिटाला ६ ग्रॅम. घाणा पहाटे पाचला लावायचा, आठच्या आत संपवायचा.

कूलर लावल्यानं हवा ३० पर्यंत येते, आर्द्रता पन्नाशीत जाते आणि स्थिर विद्युतही कमी होते. पण कूलर खोलीत ठेवायचा नाही. अ‍ॅसिटोनचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला वाफ पेट घेऊ शकते) शून्याच्या बराच खाली, आयसोप्रोपाइलचा १२ °से., आणि कूलरची मोटर ठिणगी टाकू शकते. कूलर खिडकीबाहेर, ताजी हवा आत ढकलणारा. एक्झॉस्ट समोरच्या भिंतीत, जमिनीलगत, कारण ही वाफ हवेपेक्षा जड असते आणि फरशीवर साचते. पॅन, गन, सॉल्व्हंटचं भांडं तिन्हींना अर्थिंग. अर्थिंगची वायर मल्टिमीटरनं दर घाण्याआधी बघायची.

पहाटेच्या पाळीसाठी: लाइट गेली तर आधी गन बंद, मग पॅन हातानं फिरवत राहायचं, गोळ्यांवर हात फिरवून चिकट लागेनाशा होईपर्यंत. ओल्या गोळ्या थांबल्या की जोड्या चिकटतात आणि सोडवताना फिल्मचा तुकडा निघतो. एक्झॉस्ट सुरू झाल्याशिवाय फवारणी परत सुरू करायची नाही.

या सेटिंगवरच्या गोळ्या निळ्या पाण्यात स्वच्छ, वजनवाढ ५.३.

२७ मे

नवतपा. डिझोल्यूशन बाथ ३७ वर राहत नाही. बाथला हीटर आहे, थंड करायची सोय नाही, आणि लॅबच ४१ वर. दुपारी बाथ ३९.५ दाखवतो. डिझोल्यूशनची मुभा अर्ध्या अंशाची. बर्फाच्या बाटल्या सोडून भागत नाही, एका कोपऱ्यात ३६ आणि दुसऱ्यात ३८ होतं. नळीचं वेटोळं बाथमध्ये टाकून बर्फाचं पाणी छोट्या पंपानं फिरवलं आणि हीटर चालू ठेवला, तेव्हा स्थिर झालं. प्रत्येक भांड्यात वेगळा थर्मामीटर, नुसत्या डिस्प्लेवर जायचं नाही.

१६ जून

मुख्य घाणा: एस १०० आणि कॅल्शियम पेक्टिनेट (त्या दोऱ्यांची बारीक भुकटी) ७:३, टाल्क निम्मा. पेक्टिनेट या सॉल्व्हंटमध्ये विरघळत नाही, कण तरंगत राहतात, तेव्हा ढवळणं आणखी महत्त्वाचं. नोझल १.२ मिमी.

अ‍ॅसिडात २ तास: १ टक्क्याच्या आत. पीएच ६.० च्या फॉस्फेट बफरमध्ये ४ तास, एन्झाइम न घालता: १८ टक्के. हे फार. कण ४५ मायक्रॉनच्या आत होते, निळ्या पाण्यातही डाग नव्हता. दोष बफरचा. फॉस्फेट कॅल्शियमला ओढून घेतं, पेक्टिनेटची गाठ सुटते आणि ते जीवाणूंशिवायच फुगतं. त्याच पीएचच्या, कॅल्शियमला न धरणाऱ्या एमईएस बफरमध्ये परत घेतलं: ६ टक्के. पेक्टिन असलेल्या प्रत्येक कोटिंगला यापुढे एमईएस.

त्याच बफरमध्ये पेक्टिनेज (पेक्टिन तोडणारं एन्झाइम) घालून ४ तास: ३८ टक्के. नुसत्या एस १०० ची गोळी याच एन्झाइममध्ये बंदच राहिली. दुसरी किल्ली चालते. पीएच ७ च्या खालीसुद्धा गोळी उघडायला लागते, आणि लहान आतड्याच्या शेवटी ज्या रुग्णाचा पीएच चढत नाही त्याला नेमकं हेच हवं.

हा आकडा जपून वाचायचा. बाजारातलं पेक्टिनेज बुरशीचं, साडेचारच्या आसपासच्या पीएचला सर्वांत जोरात चालणारं. ६.० ला ते मंद असतं, आणि मोठ्या आतड्यातले जीवाणू निराळे. उंदरांच्या सीकममधल्या (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीतल्या) द्रव्यावर, ४ टक्के, कार्बन डायऑक्साइडखाली, ही चाचणी करायची आहे. प्राणी नैतिक समितीची मंजुरी हातात येईपर्यंत ते काम सुरू होणार नाही.

१४ जुलै

पाऊस लागून राहिलाय, खोलीत आर्द्रता ८८ टक्के. एप्रिलच्या उलट दुखणं. अ‍ॅसिटोन उडताना गोळीचा पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं पाणी त्यावर बसतं, पॉलिमर त्या पाण्यात फाटतो. फिल्म दुधी, नखानं खरवडली तर पापुद्रा निघतो. कूलर अर्थातच बंद. येणारी हवा ५० °से. पर्यंत तापवली की तिची आर्द्रता उतरते, गोळ्या ३२ वर धरता येतात. फवारणी मिनिटाला ४ ग्रॅमवर उतरवली. आर्द्रतामापक ६५ च्या वर असेल तर घाणा लावायचा नाही. उन्हाळ्याचं ८०:२० हेच मिश्रण पावसाळ्यातही ठेवलं, अ‍ॅसिटोन कमी असल्यानं गारवा कमी पडतो.

युड्रॅजिटच्याच पाण्यातल्या एफएस ३० डी डिस्पर्शनचा विचार झाला. तोही पीएच ७ चाच, सॉल्व्हंट नाही, आगीची भीती नाही, फिल्म १४ °से. पासूनच जुळते आणि प्लास्टिसायझर लागत नाही. दोन अडचणी. साठवण ५ ते २५ °से. मध्ये, आणि मे महिन्यात पार्सलनं आलेला कॅन इथं पोचेपर्यंत त्याची दही झालेली असण्याचा धोका. शिवाय गोळ्या ३५ च्या वर गेल्या की ही फिल्म चिकट होते. हिवाळ्यात मागवायचा, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत वापरून संपवायचा.

१९ जुलै

१६ जूनच्या घाण्याचे नमुने ४० °से. आणि ७५ टक्के आर्द्रतेत ठेवले, अर्धे अ‍ॅल्यु-अ‍ॅल्यु पॅकमध्ये (दोन्ही बाजूंनी अ‍ॅल्युमिनियम), अर्धे साध्या पीव्हीसी ब्लिस्टरमध्ये. १, ३ आणि ६ महिन्यांनी काढायचे. दर वेळी बघायचं: निळ्या पाण्याची चाचणी, अ‍ॅसिडातली गळती, एमईएसमधली एन्झाइमसह आणि एन्झाइमशिवायची सुटण्याची गती, गोळीचा रंग. पीव्हीसीतल्या गोळ्यांवर जास्त लक्ष. पेक्टिनेट ओल धरतं, ते फिल्ममध्ये फुगलं तर कणांभोवती बारीक भेगा पडतील, आणि त्या अ‍ॅसिडच्या आकड्यात दिसण्याआधी भिंगात दिसतील.